अभिजितच्या बांधावर

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे ‘स्कियापारेली’ हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण रेडिओ संदेश पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या दुर्बिणीने टिपला होता, आणि यान जमिनीला टेकण्याच्या जेमतेम मिनिटभर आधी तो संदेश थांबला. खोडद माझ्या माहेराच्या पंचक्रोशीतले गाव आहे. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींचे बांधकाम मी शाळेत जाता-येता पाहिलेले आहे. ती बातमी वाचल्यावर एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलेना. कांद्याच्या वावराशेजारी उभी असलेली तबकडी कोट्यवधी किलोमीटर दूर पडणाऱ्या एका यंत्राचे बोलणे ऐकते आहे, ते यंत्र मध्येच गप्प होते, आणि ते कशाने गप्प झाले हे ऐकणाऱ्याला कळत नाही. माझ्या कादंबरीचे पहिले प्रकरण या दृश्यातून निघाले. कादंबरीत हे अंतर २५ प्रकाशवर्षांचे आहे, काळ सुमारे १२ हजार वर्षांनंतरचा आहे, आणि यंत्राला गप्प करणारे तिथे कोणीतरी आहे. ती कादंबरी पुरी व्हायला मला नऊ वर्षे लागली.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. कथा-कादंबरीचा मला सराव नव्हता, पण गणित करता येत होते, आणि सुरुवातीला मला वाटले होते की विज्ञान-कादंबरीला तेवढे पुरेल. पहिला निर्णय स्थळाचा होता. मी अभिजित तारा निवडला, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्यामुळे ध्रुवताऱ्याचा मान एका ताऱ्याकडे कायम राहत नाही, आणि सुमारे १२ हजार वर्षांनी तो अभिजितकडे जाईल. महाभारताच्या वनपर्वात अभिजित नक्षत्र आकाशातून ढळल्याची कथा आहे. एकदा ढळलेला तारा पुन्हा ध्रुवाजवळ येतो आणि त्याच काळात त्याच्याभोवती माणसे राहत असतात, ही जुळणी मला मोहात पाडणारी होती. अभिजितकडून संदेश येण्याची कल्पना एका गाजलेल्या अमेरिकी कादंबरीत १९८५ सालीच येऊन गेली आहे, हे एका विद्यार्थ्याने मला बजावले तेव्हा माझी तीन प्रकरणे लिहून झाली होती. माझ्या कादंबरीत अभिजितकडचा संदेश बंद पडतो, एवढ्या फरकावर मी समाधान मानले.

दुसरे आकर्षण धुळीचे होते. १९८३ साली ‘आयरास’ या अवरक्त दुर्बिणीला अभिजितभोवती धुळीची चकती असल्याचा पुरावा मिळाला, आणि अशी चकती सापडलेला तो पहिला तारा ठरला. स्वतःच्या प्रती काढणारी सूक्ष्म यंत्रे, म्हणजे ज्याला आपण नॅनो किंवा अब्जांश तंत्रज्ञान म्हणतो त्याची कल्पनेतली टोकाची अवस्था, तिथे पोसली जाण्यासाठी कच्चा माल आयता तयार होता. माणसे इतक्या लांब कशी पोहोचतात, हा प्रश्नही यंत्रांनीच सोडवला. ‘व्हॉयेजर १’ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. त्यावरच्या सोनेरी तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि ते यान अभिजितच्या दिशेने जात असते तरी त्या भैरवीला तिथे पोहोचायला ४ लाख ४० हजार वर्षे लागली असती. प्रकाशाच्या एक दशांश वेग धरला तर हा प्रवास २५० वर्षांचा होतो, पण त्या वेगात एक मिलिग्रॅमचा धूलिकण यानावर आदळला तर सुमारे १०० किलो टीएनटीचा स्फोट व्हावा तेवढी ऊर्जा बाहेर पडते. मोठे जहाज पाठवणे म्हणजे मोठे लक्ष्य पाठवणे होय. म्हणून माझ्या कादंबरीत पृथ्वीवरून काही ग्रॅम वजनाची बीजे निघतात, त्यांतली बहुतेक वाटेत नष्ट होतात, आणि जी उरतात ती तिथली धूळ खाऊन आधी यंत्रे, मग घरे आणि शेवटी माणसे घडवतात.

पहिला खर्डा २०१९च्या उन्हाळ्यात पुरा झाला आणि तो वाईट होता. त्याच्या पहिल्याच प्रकरणात शत्रूच्या सूक्ष्म यंत्रांचे मोहोळ १ हजार टनांचे जहाज तासाभरात खाऊन टाकते आणि त्याच्या जागी आपल्यासारखेच आणखी मोहोळ तयार करते. लिहिताना मला त्या प्रसंगाचे फार कौतुक वाटले होते. पुढे एकदा वर्गात उष्णतेचे उत्सर्जन शिकवून परत आल्यावर मी सहज आकडे मांडून पाहिले. एक किलो पदार्थाचे रेणू सोडवून पुन्हा हवे तसे जोडायला १० कोटी जूल ऊर्जा लागते असे मी कथेपुरते गृहीत धरले होते. तो हिशेब जहाजाला लावला तर तासभर सुमारे २८ हजार मेगावॅट शक्ती खर्ची पडते, म्हणजे कोयनेसारखे चौदा जलविद्युत प्रकल्प त्या एका मोहोळात सामावलेले असायला हवेत. ही ऊर्जा येते कोठून, हा एक प्रश्न झाला. तिचा जो मोठा भाग उष्णता होऊन उरतो तो जातो कोठे, हा त्याहून अवघड प्रश्न होता. अंतराळात वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे उष्णता केवळ प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, बाहेर टाकता येते. एक चौरस मीटर आदर्श काळा पृष्ठभाग खोलीच्या तापमानाला सुमारे ४६० वॅट टाकतो, आणि ६०० केल्व्हिनपर्यंत तापवला तरी साडेसात हजारांच्या आतच राहतो. एवढी उष्णता हाकलायला जवळपास चार चौरस किलोमीटरचे पंख लागले असते. ते नसतील तर माझे भयंकर मोहोळ जहाज खाता खाता स्वतःच वितळले असते. मी ते प्रकरण फाडले नाही, अजून ठेवले आहे, आणि वर्गात उदाहरण म्हणून वापरते.

त्यानंतरचे वर्ष मी वाचनात घालवले, आणि त्याचा बराचसा भाग ज्याला टाळेबंदी म्हणतात त्या काळात गेला. १९५९ साली रिचर्ड फाइनमन यांनी अणू एकेक करून हव्या त्या जागी मांडता येतील का, असा प्रश्न एका भाषणात विचारला होता. १९७४ साली नोरिओ तानिगुची यांनी ‘नॅनो-टेक्नॉलॉजी’ हा शब्द वापरला, आणि १९८६ साली एरिक ड्रेक्सलर यांनी स्वतःच्या प्रती काढणाऱ्या रेणुयंत्रांचे चित्र सामान्य वाचकापुढे उभे केले. मला खरा उपयोग झाला तो ड्रेक्सलर आणि नोबेल मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड स्मॉली यांच्यातल्या वादाचा. स्मॉली यांचे म्हणणे असे होते की अणू उचलणारी बोटे स्वतः अणूंचीच असल्यामुळे ती त्या जागेत मावणार नाहीत इतकी जाड असतील, आणि अणू त्यांना चिकटून बसेल, सुटणारच नाही. हा आक्षेप मला पटला, पण आपल्या प्रत्येक पेशीतले रायबोसोम हे पंचवीसेक नॅनोमीटरचे यंत्र निरोपाप्रमाणे रेणू जोडतच असते, हेही नाकारता येत नव्हते. ते ओले आहे आणि चुका करते, त्यामुळे माझी यंत्रेही मी सजीवांच्या बाजूला सरकवली. त्यांना मी ‘कणी’ म्हटले, तांदळाची कणी असते तशी. अनेकवचनी ‘कण्या’ वाचून वाचकाला भूक लागेल, अशी शंका माझ्या भावाने काढली, पण ‘स्वयंप्रतिकृतिकारक अब्जांशयंत्र’ वाचून वाचक झोपी जाण्यापेक्षा ते बरे वाटले.

आकड्यांनी आता कथा स्वतःच्या हाती घेतली. अभिजित सूर्याच्या सुमारे ४० पट तेजस्वी आहे, पण त्याची बाहेरची धूळ इतकी लांब आहे की १०० खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या १०० पटींवर, एका चौरस मीटरला साडेपाच वॅटसुद्धा धड मिळत नाहीत. त्या उजेडावर एक किलो कण्यांना दुसरा एक किलो घडवायला सात महिने लागतात. सूक्ष्मजंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, आणि त्याला कोणी अडवले नाही तर दोन दिवसांत त्याचे वजन पृथ्वीहून जास्त भरेल, हे बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्यासारखे गणित मला ठाऊक होते, पण त्यातले ‘अडवले नाही तर’ हे शब्द किती महत्त्वाचे आहेत ते मला तेव्हा उमगले. ऊर्जा अडवते, माल अडवतो, उष्णता अडवते. माझे युद्ध तासांचे होते ते आता पिढ्यांचे झाले, आणि त्यातली माणसे सैनिकांसारखी न वागता हंगामाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यांसारखी वागू लागली. पृथ्वीला विचारावे तर उत्तर ५० वर्षांनी येणार, त्यामुळे आजीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नात वाचते, आणि तोवर तो प्रश्न कोणाला आठवत नाही. हे प्रकरण मला सगळ्यांत सहज सुचले.

मग चुकांचा विषय आला. प्रतीची प्रत आणि तिची प्रत काढताना पाठ बिघडतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, आणि ज्ञानेश्वरी लिहून झाल्याला तेव्हा तीनशे वर्षेच झाली होती. माझ्या कण्यांच्या हजारो पिढ्या होतात. त्यांच्या मूळ आज्ञेत धूळ कोठपर्यंत खायची, याची एक अट होती आणि ती अट कोणत्या तरी पिढीत गळाली. ज्यांचे काम प्रती ताडून पाहण्याचे आहे त्यांना कादंबरीत मी ‘शोधक’ म्हटले आहे. नायिका शोधक आहे, आणि गळालेल्या अटीचा तिला लागणारा पत्ता हा कथेचा कणा आहे. अर्थात हे मला दुसऱ्या खर्ड्याच्या शेवटी कळले, नायिकेच्या बरेच नंतर.

शत्रूचे शत्रुत्व कशासाठी, या प्रश्नावर मात्र मी दोन वर्षे अडकून पडले. परग्रहावरचे लोक पाणी लुटायला येतात, ही कल्पना मी केव्हाच सोडून दिली होती, कारण गुरूच्या युरोपा या एका चंद्रावरच पृथ्वीच्या सगळ्या महासागरांपेक्षा अधिक पाणी असावे असा अंदाज आहे आणि ते न्यायला कोणाशी लढावे लागत नाही. क्रूरपणा हे कारण मला लेखकाचा आळस वाटतो. शिवाय अभिजित अवघा ४५ कोटी वर्षांचा आहे, सूर्याच्या वयाच्या दहाव्या हिश्शाएवढा, तेव्हा तिथे बुद्धिमान जीव उपजण्याइतका वेळच झालेला नाही. म्हणजे तेही बाहेरूनच आलेले असणार. आम्हीही उपरे आणि तेही उपरे. अखेर मला लहानपणची खुरपणी आठवली. कांद्यातले तण खुरपणारी बाई तणावर रागावलेली नसते, गप्पा मारत ती ओळीने पुढे सरकत जाते. शत्रूची यंत्रे माणसांच्या वस्त्या अशाच निर्विकारपणे उपटत जातात, असे मी लिहिले आणि हस्तलिखित संपादकांकडे पाठवले.

संपादक विदर्भातले आहेत. त्यांनी ‘खुरपणी’ या शब्दाशेजारी पेन्सिलीने ‘आमच्याकडे निंदण’ असे लिहिले, आणि त्याखाली दोनच शब्द लिहिले, ‘पीक कोणते?’ मी त्यांना फोन करून म्हटले, “सर, ती नुसती उपमा आहे.” ते म्हणाले, “मॅडम, निंदणारा माणूस उपमेसाठी उन्हात वाकत नाही. पीक असल्याशिवाय तण कशाला म्हणायचं?” कादंबरीत एखादे तरी पात्र पुण्याचे असावे, अशीही त्यांची सूचना होती आणि ती मी मानली नाही. पहिल्या प्रश्नावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि हस्तलिखित परत मागवावे लागले.

या अवधीत भाषेचे एक काम मार्गी लागले, आणि खरे सांगायचे तर संपूर्ण कादंबरीत मला सर्वांत जास्त आनंद त्याने दिला. मराठीत कोणत्याही नामाला लिंग द्यावेच लागते. तो, ती की ते, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, आणि माझा शत्रू एक आहे की असंख्य आहे, हे पात्रांना शेवटपर्यंत कळू नये अशी माझी इच्छा होती. प्रमाण लेखनात नपुंसकलिंगी एकवचनी ‘ते आले’ आणि पुल्लिंगी अनेकवचनी ‘ते आले’ हुबेहूब सारखे दिसतात, आदरार्थी ‘ते आले’ हेही तसेच. ‘उपरे’ हा शब्दसुद्धा दोन्हींकडे चालतो. म्हणून शत्रूविषयीची वाक्ये मी भूतकाळात आणि अकर्मक क्रियापदांत लिहायचे ठरवले. ते थांबले, ते वळले, ते विरळ झाले, ते आले. वर्तमानकाळात जायची सोय नव्हती, कारण ‘येते’ आणि ‘येतात’ म्हणताच गुपित फुटते. सकर्मक क्रियापद घ्यावे तर ‘त्याने’ की ‘त्यांनी’ हे सांगावे लागते. त्यामुळे शत्रू माझ्या कादंबरीत कधीही काही ‘करत’ नाही. तो हलतो, सरकतो, उरतो. जी वागणूक मी भौतिकशास्त्रातून शोधत होते ती व्याकरणाने आणून दिली. बोलीत ‘आलं’ आणि ‘आले’ वेगळे होतात, म्हणून पात्रांच्या संवादात प्रत्येकजण आपापल्या समजुतीप्रमाणे बोलतो, आणि कोण त्याला एक मानते व कोण अनेक, हे कान देणाऱ्या वाचकाला ओळखता येते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली अभिजितच्या चकतीची चित्रे प्रसिद्ध झाली. चकती आश्चर्य वाटावे इतकी सपाट आणि एकसारखी होती, मोठ्या ग्रहाने तिला विस्कटल्याच्या खुणा तिच्यात नव्हत्या. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात बाहेरच्या धुळीत गुरूएवढा ग्रह होता, त्याच्या चंद्रांवर तीन प्रकरणे घडत होती, आणि नायिकेचे लग्नही तिथेच लागत होते. मी एक दिवस हळहळले, मग ग्रह काढून टाकला. लग्न वाचवता आले. पण ती चित्रे पुन्हा पुन्हा पाहताना मला संपादकांचे दोन शब्द आठवले. कुळवून ठेवलेल्या वावरासारखी ती चकती दिसत होती. धूळ इतकी सारखी का, याची नैसर्गिक कारणे शास्त्रज्ञ शोधत आहेत आणि त्यांना कोणा शेतकऱ्याची गरज नाही. कादंबरीला मात्र होती. पीक म्हणजे ती धूळच. हजारो वर्षे धीराने सारखी केलेली, प्रत्येक कणाला ठरावीक उजेड मिळेल अशी मांडलेली ती धूळ शेवटी कशासाठी आहे, ते मी वाचकाला सांगितलेले नाही. सुमारे ६० खगोलीय एककांवर चकतीत एक पुसट फट आहे. तिला मी बांध केले.

बांध सापडल्यावर उरलेली कादंबरी पाच महिन्यांत लिहून झाली, कारण बांधावरची भांडणे मला नव्याने शिकायची नव्हती. आमच्या तालुक्यात दरवर्षी वीतभर बांध कोरणारा शेजारी, मोजणीचे अर्ज, आणि आजोबांनी लावलेला दावा नातवाने लढवणे, हे घराघरातले आहे. माझी माणसे अभिजितच्या आतल्या बाजूला राहतात. त्यांच्या कण्यांना फटीपाशी थांबण्याची अट होती, आणि ती अट पहिल्या माणसांनी शेजाऱ्यांची खूण ओळखूनच घातलेली होती. ती गळाल्यापासून कण्या बांध ओलांडून पलीकडची धूळ खात आहेत, आणि वस्त्यांमध्ये कोणालाही ते ठाऊक नाही. ज्याला सगळे जण हल्ला समजतात ती पलीकडून होणारी खुरपणी आहे. नायिकेला हे कळते तेव्हा बीजे पाठवणाऱ्यांचा मूळ करार मागवायला ५० वर्षे लागतील, आणि पुढची ओळ खुरपायला ते तिच्या वस्तीपासून चार वर्षांच्या अंतरावर आलेले असतात. ती काय करते, ते इथे लिहिले तर प्रकाशक रागावतील.

कादंबरीचे शेवटचे वाक्य ‘ते आले.’ असे आहे. अक्षरजुळणी होऊन पहिली मुद्रिते हाती आली तेव्हा त्या जागी ‘ते आलं.’ असे छापलेले होते, कारण मुद्रितशोधकांना ते वाक्य संवादाचा भाग वाटले. चारशे पाने सांभाळलेली संदिग्धता एका अनुस्वाराने संपली होती. मी लाल शाईने तो अनुस्वार खोडला, मात्रा दिली, समासात कारण लिहिले, आणि मुद्रितशोधकांना फोनही केला. त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्या मुद्रितात ते वाक्य ‘ती आली.’ असे झाले होते.